मध्यवस्तीतील प्रस्तावित वाहतूक केंद्राबाबत हरकत किंवा सूचना कशी नोंदवावी

एसटी, शहर बस, मेट्रो आणि रिक्षा यांना एका जागी आणणारे मोठे वाहतूक केंद्र शहराच्या मध्यवस्तीत होणार, अशी बातमी आली की दुकानदार, आसपासचे रहिवासी आणि रोजचे प्रवासी आपापल्या परीने बोलू लागतात. कोणी निवेदन देतो, कोणी सभेत उभा राहतो, कोणी लोकप्रतिनिधीला भेटतो. यातील प्रत्येक गोष्टीला किंमत आहे. परंतु निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला दखल घ्यावीच लागते ती मुदतीत, लेखी आणि पोच घेऊन दाखल केलेल्या हरकतीची किंवा सूचनेची. महाराष्ट्रातील शहरांत अशी हरकत कशी तयार करावी, हे पुण्यातील अनुभवाच्या आधारे येथे मांडले आहे.

सर्वप्रथम, लोकांचे म्हणणे ऐकण्याची कोणती कायदेशीर संधी उपलब्ध आहे ते शोधावे. प्रकल्पासाठी विकास आराखड्यातील आरक्षण (म्हणजे ठरावीक सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) किंवा जमिनीचा वापर बदलावा लागणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते आणि तिच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते. बाधित होणाऱ्यांना स्वतंत्र नोटीस देऊन त्यांची सुनावणी घेण्याचे बंधनही याच कलमात आहे. पर्यावरणविषयक जनसुनावणी होईलच असे मात्र गृहीत धरू नये. इमारत व बांधकाम प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे आणि वाहतूक केंद्राची इमारत बहुधा त्याच वर्गात मोडते. या सुनावणीची वाट पाहत थांबलेल्यांची फेरबदलाची मुदत टळून जाते, म्हणून ही गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी.

जागेवर झाडे असतील, तर ती तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर सूचना लावून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी अवघे सात दिवस मिळतात. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा असून तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही.

त्यानंतर कागद मिळवावेत. राजपत्रातील सूचनेचा क्रमांक व तारीख, नगर भूमापन क्रमांक (जागेचा सरकारी नोंदीतील क्रमांक), फेरबदलाचा नकाशा आणि प्रकल्प अहवाल एवढे हाती आल्याशिवाय लिहायला बसू नये. वर्तमानपत्रातील रंगीत चित्रात काचेची इमारत दिसते, पण एसटीचे फलाट किती, रिक्षाथांबा कोणत्या रस्त्यावर आणि व्यापारी गाळ्यांना किती क्षेत्र, हे त्यात नसते. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले आहे, याची आठवण पत्रातून करून द्यावी.

आता मुख्य भाग, म्हणजे लिहायचे काय. माझे मत असे की बहुतेक लोक पूर्ण झालेल्या इमारतीविषयी लिहितात, आणि प्रवाशाला सर्वांत जास्त सोसावे लागते ते बांधकाम चालू असतानाच्या तात्पुरत्या व्यवस्थेत. पुण्यातील शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या भूमिगत कामासाठी २०१९ च्या डिसेंबरअखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले. शिवाजीनगरचे मेट्रो स्थानक १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. त्यानंतरही एसटीच्या गाड्या वाकडेवाडीहूनच सुटत राहिल्या. म्हणजे ज्या कामासाठी स्थानक हलवले ते काम होऊन मेट्रो धावू लागली, तरी नाशिकहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून आलेला प्रवासी सामान घेऊन मेट्रोपासून दूरच उतरत राहिला. म्हणून पुढच्या प्रत्येक प्रस्तावात तात्पुरत्या स्थानकाची जागा, तेथील शौचालये, निवारा व शहर बसची जोडणी, आणि मूळ जागी परतण्याची तारीख ही मंजुरीच्या अटींमध्येच लिहून मागावी. खासगी विकासकाच्या भागीदारीतून काम होणार असेल, तर फलाट आधी आणि व्यापारी संकुल नंतर, असा बांधकामाचा क्रमही अट म्हणून मागावा.

दुसरा महत्त्वाचा मुद्दा पायी अंतराचा आहे. सगळी वाहने एका आवारात आली म्हणजे ती जोडली गेली असे नव्हे; एसटीच्या फलाटावरून शहर बसपर्यंत जाताना किती पायऱ्या चढाव्या लागतात, रस्ता कितीदा ओलांडावा लागतो, पावसात डोक्यावर छप्पर आहे का आणि चाकाच्या खुर्चीवरील माणूस मदतीशिवाय जाऊ शकतो का, यावरून ती जोडणी ठरते. हे नकाशावर मोजपट्टी ठेवून मोजता येते. आजची स्थिती मोजण्यासाठी दोघातिघांनी सकाळी आठ ते दहा या वेळेत स्थानकावर उभे राहावे, गाड्या व माणसे मोजावीत, आणि घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीबरोबर पिशवी घेऊन तेच अंतर घड्याळ लावून चालून पाहावे. तारीख, वार आणि वेळ लिहून ठेवली नाही, तर या मोजणीला पुरावा म्हणून अर्थ उरत नाही.

पत्र मोजक्या परिच्छेदांचे असावे. ‘या प्रकल्पामुळे वाहतूक कोंडी वाढेल, म्हणून आमचा तीव्र विरोध आहे’ या वाक्याला ‘वाहतूक व्यवस्थापनाचा आराखडा तयार करण्यात येईल’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘फेरबदलाच्या नकाशात बसगाड्यांचे बाहेर पडण्याचे द्वार शाळेच्या प्रवेशद्वारासमोर दाखवले आहे. शाळा सुटण्याच्या वेळी तेथे मुलांची गर्दी असते; आम्ही तीन दिवस केलेली मोजणी सोबत जोडली आहे. हे द्वार मागील रस्त्यावर न्यावे, अशी सूचना आहे.’ यात जागा आहे, पुरावा आहे आणि मागणी आहे, त्यामुळे उत्तरही तितकेच नेमके द्यावे लागते.

एकाच मजकुराच्या शेकडो प्रती देण्याच्या मोहात पडू नये. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या होत्या. एवढ्या संख्येपुढे विषयवार गट करण्यावाचून गत्यंतर नसते आणि सारख्या मजकुराची पत्रे एकाच गटात जातात. सह्यांचे निवेदन जरूर द्यावे, पण भाजीविक्रेतीने तिच्या जागेबद्दल, विद्यार्थ्याने त्याच्या पासबद्दल आणि अंध प्रवाशाने उद्घोषणेबद्दल स्वतंत्र पत्र द्यावे.

पत्र सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याच्या नावे, आवक विभागात स्वतः जाऊन द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्यावी. आमच्या भागातील एका वृद्ध गृहस्थांनी अत्यंत अभ्यासपूर्ण हरकत दिली होती, पण पोच घेतली नव्हती. सुनावणीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते आणि हरकत दिल्याचे ते सिद्ध करू शकले नाहीत. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. पत्राच्या शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य न चुकता लिहावे. सुनावणीत काही मिनिटेच मिळतात, म्हणून एका पानाचे टिपण सोबत न्यावे आणि ते अभिलेखात घेण्याची विनंती करावी.

सुनावणीनंतर आपल्या हरकतीवर काय अभिप्राय नोंदवला गेला, त्याची प्रत माहिती अधिकारात मागावी. शुल्क दहा रुपये आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. कलम ३७ खालील फेरबदलाला अंतिम मंजुरी राज्य शासन देते आणि त्यापूर्वी नगररचना संचालकांशी विचारविनिमय करते. त्यामुळे महापालिकेने हरकत फेटाळली असली, तरी पोच असलेली प्रत मोजणीच्या तक्त्यासह नगर विकास विभागाला आणि नगररचना संचालकांना मंजुरीपूर्वीच पाठवावी.