चिंचोळ्या जपानी घरात उजेड वरून घ्यावा

शेजाऱ्याची भिंत हातभर अंतरावर असली की त्या बाजूची खिडकी केवढी, याला फारसा अर्थ उरत नाही. जपानच्या नागरी कायद्याप्रमाणे घर आणि हद्द यांच्यात किमान ५० सेंटिमीटर सोडतात. दाट वस्तीत बहुतेक वेळा तेवढेच सुटतात, आणि त्या फटीतून खालच्या मजल्यावर जवळजवळ काहीच उजेड पोचत नाही. म्हणून खोल्यांचा नकाशा नंतर. आधी घराचा उभा छेद, म्हणजे घर वरून खाली कापल्यासारखे चित्र, काढा.

राहत्या खोलीला कायद्याने तिच्या क्षेत्रफळाच्या १/७ इतकी उजेडाची खिडकी लागते. (जमिनीवर ५० लक्स इतका उजेड पडेल असे दिवे बसवले, तर २०२३ पासून १/१० चालते.) पण खिडकीचे माप सरळ धरत नाहीत. निवासी विभागात, छपराच्या कडेपासून हद्दीपर्यंतच्या आडव्या अंतराला त्या कडेपासून खिडकीच्या मध्यापर्यंतच्या उभ्या अंतराने भागा, ६ने गुणा, १.४ वजा करा. येईल त्या आकड्याने खिडकीचे क्षेत्रफळ गुणायचे. अंतर ०.५ मीटर आणि उंची ५ मीटर असेल तर उत्तर उणे येते, म्हणजे ती खिडकी हिशेबात शून्य! तीच घरातल्या १.८ मीटर रुंदीच्या उघड्या चौकात, कडेच्या ४ मीटर खाली ठेवली तर १.३ मिळतात. छतातल्या खिडकीला तिप्पट आकडा मिळतो, कमाल ३. त्यामुळे १० चौरस मीटरच्या खोलीला ०.६ × ०.८ मीटरचा झरोकाही पुरू शकतो.

झरोका उत्तरेच्या उतारावर घ्या. दक्षिणेलाच घ्यावा लागला तर पडदा काचेच्या बाहेर हवा. आतल्या पडद्यापर्यंत पोचेतो ऊन घरात आलेले असते. काच दुहेरी घ्या, एकेरी काचेवर हिवाळ्यात दव धरते आणि थेंब खाली पडतात. चौकट छपरापेक्षा उंच उचललेली नसेल तर गळती ठरलेलीच.

चौकाची कल्पना वाडा पाहिलेल्यांना नवी नाही. वास्तुविशारद तादाओ आंदो यांच्या ओसाकातल्या अझुमा हाउसमध्ये (१९७६) घराचा मधला तिसरा हिस्सा उघडाच आहे, आणि पावसात एका खोलीतून दुसरीत जायला छत्री लागते. रोजच्या राहणीसाठी चौक एका कडेला घेऊन ये-जा छपराखाली ठेवलेली बरी. चौकातली समोरची भिंत पांढरी, पण बिनचकाकीची रंगवा.

जिन्याच्या पायऱ्यांमागची उभी फळी काढली की उजेड खाली झिरपतो. पायरीची उंची २३ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली किमान १५ चालते, पण ही कायद्याची टोके आहेत. तेवढा उभा जिना रोज चढवत नाही. लहान मूल असेल तर फटींना जाळी लावा. १.४ मीटरपर्यंत उंचीचा, खालच्या मजल्याच्या निम्म्याहून लहान पोटमाळा क्षेत्रफळात धरत नाहीत. सामानाला उत्तम, उन्हाळ्यात झोपायला मात्र भट्टी.

दोन मजली उंच मोकळी जागा ठेवलीत तर हिवाळ्यात ऊब वर जाते आणि खाली पाय गारठतात. वर पंखा बसवून हळू फिरवा, वरच्या मजल्याच्या तोंडाला सरकते पडदे ठेवा. मासे भाजल्याचा वासही त्याच वाटेने वर जातो, तेव्हा चुलीवरचा धूर खेचणारा पंखा जोरकस घ्या.