दहा लाखांच्या आत छोटी क्रॉसओव्हर घ्यायची आहे? आधी टेप काढा

गेल्या दसऱ्याच्या आधी महिनाभर मी माझ्या मावसबहिणीसोबत गाड्या बघत फिरलो. घर पुण्यात धायरीला, माणसं पाच: ती, तिचे मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गाव मुळशीच्या पुढे, महिन्यातून एकदा जाणं ठरलेलंच. बजेट ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विम्यासकट, नऊ लाख, त्यापुढे एक रुपया नाही. त्या महिन्याभरात जे कळलं, ते ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. शोरूममध्ये जिला सर्रास ‘एसयूव्ही’ म्हणतात, ती या किमतीत बहुतेक वेळा क्रॉसओव्हर, म्हणजे उंच केलेली हॅचबॅक (वेगळी डिकी बाहेर न येणारी छोटी गाडी) असते. मारुतीच्या फ्रॉन्क्सच्या खाली त्यांच्याच बलेनो हॅचबॅकचा पाया आहे, टाटाच्या पंचच्या खाली अल्ट्रोजचा आणि ह्युंदाईच्या एक्स्टरच्या खाली निऑसचा. इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. यात वाईट काही नाही, पण वरचे पैसे आपण कशासाठी मोजतोय ते माहीत असावं. ते मोजतो आपण दोन गोष्टींसाठी: बसायची उंची आणि पोटाखालची मोकळी जागा. घरात म्हातारं माणूस नसेल आणि गाडी कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरणार असेल, तर तेवढ्याच पैशांत चांगली हॅचबॅक जास्त सामानसुमानासह मिळते. हा विचार आधी करा.

पार्किंग मोजा

शोरूमला जायच्या आधी टेप घेऊन खाली उतरा. दोन खांबांमधलं अंतर मोजा. शेजारची गाडी उभी असताना ड्रायव्हरचं दार किती उघडेल ते बघा. गेटची रुंदी आरशांसकट धरा, कारण कंपनी देते ती रुंदी आरसे सोडून असते. पंच साधारण १,७४२ मिमी रुंद, एक्स्टर १,७१०, नेक्सॉन १,८०४. कागदावर हा फरक चार बोटांचा वाटतो. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या बोळात किंवा खांबाला चिकटून उतरताना हाच फरक रोज जाणवतो.

नव्या सोसायट्यांमध्ये एकावर एक गाड्या ठेवायचं यांत्रिक पार्किंग असतं. तिथे फलकावर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. फ्रॉन्क्सची उंची १,५५० मिमी आहे, एक्स्टरची १,६३१. रूफ रेल (छतावरच्या दांड्या) आणि अँटेना धरून हिशेब करा. बुकिंग झाल्यावर गाडी खालच्या कप्प्यात बसत नाही असं कळणं फार महागात पडतं.

बेसमेंटचा उतारही बघा. उतार संपून जमीन सपाट होते त्या कडेला गाडीचं पोट घासतं. आमच्या जुन्या गाडीत एकटा असताना मला कधी आवाज आला नाही. पाच माणसं आणि दिवाळीचा फराळ घेऊन निघालो त्या दिवशी मात्र खालून अशी खर्रकन घासली की धाकटी घाबरून रडायलाच लागली. माणसं बसली की स्प्रिंग दबतात आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची ती मोकळी जागा, कमी होतो. म्हणून १८५ आणि १९० मिमी यांत वाद घालू नका. निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगरचा आकडा २०५ आहे, तो फरक खरोखर कळतो. बाकीच्यांचं घरच्या उताराला काय होतं ते भरलेल्या गाडीनेच बघायचं.

पैशांचा हिशेब उलट्या बाजूने करा

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत, म्हणजे टॅक्स-विमा सोडून. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो. सीएनजीला त्याहून कमी, डिझेलला जास्त. त्यावर विमा, फास्टॅग, नोंदणीचा किरकोळ खर्च. मावसबहिणीचे नऊ लाख उलटे सोडवले, तर एक्स-शोरूम साधारण ७ लाख ७० हजार निघाले: टॅक्स ८४,७००, विमा चाळीस हजारांच्या आसपास, बाकी चार-पाच हजार. या आकड्याच्या वरचं व्हेरिएंट (त्याच गाडीचा जास्त सोयींचा, महाग प्रकार) बघायचंच नाही, असं आम्ही ठरवून टाकलं. वरचं एकदा पाहिलं की खालच्यात मन लागत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर १८ टक्के. यातली एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. म्हणून तर इतक्या गाड्यांची लांबी ३,९९५ मिमीला येऊन थांबते. ब्रेझाही तेवढ्याच लांबीची आहे, पण तिचं इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती वरच्या दरात जाते. दहा लाखांच्या वर किंमत गेली की एक टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आधीच घेतलेला प्राप्तिकर) कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो, पण खरेदीच्या दिवशी खिशातून जातोच.

कर्ज घेणार असाल तर हप्ता किती हे शेवटी विचारा, आधी एकूण व्याज विचारा. सात लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १४,५३० येतो आणि व्याज १ लाख ७२ हजार. सात वर्षं केली तर हप्ता ११,२६० पर्यंत उतरतो, पण व्याज २ लाख ४६ हजारांवर जातं. त्या वरच्या पाऊण लाखात कितीतरी वर्षांची सर्व्हिसिंग होते.

पेट्रोल की सीएनजी

याचं उत्तर महिन्याच्या किलोमीटरमध्ये आहे, बाकी कशात नाही. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि शहरात लिटरला १४ किलोमीटर मिळतात, तर किलोमीटरला साडेसात रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २२ किलोमीटर धरले, तर चार रुपये दहा पैसे. किलोमीटरमागे साधारण तीन रुपये चाळीस पैसे वाचतात. सीएनजी मॉडेल ९५ हजारांनी महाग असेल, तर हा फरक भरून यायला २८ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याला जवळजवळ चार वर्षं, १,५०० फिरणाऱ्याला दीड वर्षाच्या जरा वर. आकडे त्या दिवशीचे घालून हाच हिशेब स्वतः करा.

त्यात सीएनजीच्या पंपावरची रांगही धरा. हिंजवडीहून संध्याकाळी दमून येताना अर्धा तास रांगेत थांबायची तयारी आहे का, हे घरात विचारून घ्या. सीएनजीवर ताकदही कमी होते: पंचचं इंजिन पेट्रोलवर ८८ पीएस (ताकदीचं एकक) देतं, सीएनजीवर सुमारे ७३. सपाटीवर कळत नाही, ताम्हिणीत पाच माणसं घेऊन चढताना कळतं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते. डिकीचं म्हणाल, तर पंच आणि एक्स्टरमध्ये एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवलेली मॉडेल्स आहेत, त्यात बॅगा राहतात.

आता मायलेज. पुण्यात एआरएआयची टेकडी सगळ्यांना ठाऊक, सकाळी फिरायला जायची जागा म्हणून. जिच्या नावाने ती ओळखली जाते ती वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था १९६६ सालची, आणि ब्रोशरमधला ‘एआरएआय मायलेज’ हा आकडा तिच्याच नावाचा. तो आकडा खोटा नसतो. प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात मोजलेला असतो. तिथे लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी नसते की नवले पुलाचा उतार नसतो. तो आकडा दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला वापरा, खर्चाच्या हिशेबाला नको. खर्चासाठी तीच गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून काढलेला आकडा खरा.

गिअर

या बजेटमध्ये ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक एएमटी: गिअरबॉक्स साधाच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. क्लच दाबायचा त्रास वाचतो, पण गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळते. रोज सिंहगड रोडवरून जाणाऱ्याला ती चालेल. फक्त हिल होल्ड आहे ना ते बघून घ्या, नाहीतर चढावर गाडी मागे सरकते.

सुरक्षा

इथे मी अडून बसतो. गाड्या धडकवून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या, त्यात समोरून ६४ किमी वेगाने धडक दिली जाते. तारे मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगळे असतात, दोन्ही विचारा. तारे कोणत्या व्हेरिएंटला आणि कोणत्या साली मिळाले तेही विचारा. मग खालच्या व्हेरिएंटमध्ये काय कापलंय ते तपासा: ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आहे का, मागच्या मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे की नुसता कमरेचा, लहान मुलांची सीट अडकवायला आयसोफिक्सचे हुक आहेत का. सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनच्या बदल्यात यातलं काहीही सोडू नका. मावसबहिणीच्या मुलाला सनरूफ हवंच होतं. तिने त्याला शांतपणे पट्टा दाखवला आणि मागे मध्ये कोण बसणार हे विचारलं. तोच बसणार होता.

टेस्ट ड्राइव्हला सगळं घर न्या

सेल्समन दोघांनाच घेऊन सपाट रस्त्यावर चक्कर मारून आणतो. तेवढ्यावर भागवू नका. आम्ही सासूबाईंना नेलं. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर त्या तीन गाड्यांत सहज बसल्या. मग मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करायला लावली, खड्ड्याशेजारी, जशी आपण खरोखर उभी करतो तशी. एका गाडीचा उंबरठा उंच होता. त्यांनी दाराची चौकट धरली, ऑपरेशन झालेला पाय उचलला आणि मध्येच थांबल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या गाडीचं दार जवळजवळ काटकोनात उघडत होतं. त्या आधी पाठमोऱ्या टेकल्या आणि मग दोन्ही पाय आत घेतले. आमची अर्धी निवड तिथेच झाली. सीट कमरेच्या उंचीला हवी. खाली वाकून उतरावं लागलं किंवा वर चढावं लागलं, की गुडघ्याला त्रास होतो.

मग पाचही जण बसून, एसी लावून चढावर न्या. चांदणी चौकाकडचा चढ किंवा कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की पहिला टाकावा लागतो ते बघा. साध्या १.२ लिटर इंजिनचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ११५ एनएमच्या आसपास असतो, एक लिटर टर्बोचा १५० च्या आसपास. घाट वरचेवर असेल तर टर्बोला जादा पैसे देण्यात अर्थ आहे. शहरातच फिरणार असाल तर नाही. परत येताना वाटेतल्या स्पीडब्रेकरवरून जरा तिरकस न जाता सरळ जा आणि आवाज ऐका.

कोटेशन ओळीओळीने वाचा

लेखी कोटेशन किमान दोन शोरूममधून घ्या. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी बिलात ३८ हजारांचं ‘ॲक्सेसरी पॅकेज’ न विचारता घातलं होतं आणि मी ते भरलं. या वेळी तशी ओळ दिसताच काढायला लावली. ‘हँडलिंग’च्या नावाखालची रक्कमही काढायला सांगा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरून तेवढ्याच आयडीव्हीचं (गाडीची विम्यात धरलेली किंमत), झिरो डेप्रिसिएशनसह (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) कोटेशन आणा आणि समोर ठेवा, बहुतेक वेळा त्यांचा आकडा खाली येतो.

जुनी घ्यायची असेल तर

तीन-चार वर्षांची गाडी हा मर्यादित बजेटवरचा चांगला मार्ग आहे, पण पुण्यात एक जादा तपासणी करा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरांत आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून चकाचक करता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज बघा. डिकीतलं स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा. बारीक माती निघाली तर तिथूनच निघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र), मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, सर्व्हिसचा इतिहास आणि विम्याचे जुने क्लेम पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

ताबा घेण्याआधी

नोंदणी होण्यापूर्वी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. एकदा पासिंग झालं की गाडी बदलून मागता येत नाही. उत्पादनाचा महिना विचारा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखांत फार अंतर असेल तर कारण विचारा. रंगाची छटा दारांवर सारखी आहे का, ते तिरक्या उजेडात बघा. ओडोमीटरचा फोटो घ्या. दोन्ही किल्ल्या, जॅक, मूळ बिल आणि विम्याची प्रत हातात आल्यावरच सही करा.

मावसबहिणीने दसऱ्याच्या सकाळी सही केली. घरी आल्यावर पुढचं दार खांबाच्या बाजूला ठेवून गाडी लावली, टेपने मोजली होती तशीच. सासूबाई त्या बाजूने न अडखळता उतरल्या.