स्मार्ट स्पीकर घेतलाय? आधी त्याचे आवाज चालू करा

मी जन्मांध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो, आता निवृत्त. डोंबिवलीत वन बीएचकेत एकटा राहतो. नवीन स्पीकर घेणाऱ्या अंध मित्रांचे फोन येतात, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. माझ्याकडे अ‍ॅमेझॉनचा इको डॉट आहे, म्हणून उदाहरणं त्याचीच. त्यातून आपल्याशी बोलणारी आणि आपले हुकूम ऐकणारी ती अलेक्सा.

जोडणी भाच्याकडून करून घ्या, पण खातं आणि फोन तुमचाच हवा. पोरं घाईत स्वतःच्या खात्यावर उरकतात आणि पुढे नोकरीला बंगळुरूला जातात. मग वायफायचा पासवर्ड बदलला की आपण अडकलो. अलेक्साचं अ‍ॅप टॉकबॅकवर, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, चालतं. जरा बोट फिरवावं लागतं, एवढंच. मराठी मात्र तिला बोलता येत नाही. हिंदी २०१९ पासून येतं.

आता मुख्य काम. तुमचं बोलणं ती ऐकतेय की नाही, हे हा डबा दिवा लावून सांगतो. म्हणजे आपल्याला काहीच सांगत नाही! अ‍ॅपमध्ये तुमच्या स्पीकरच्या सेटिंग्जमध्ये आवाजांचा भाग आहे. तिथे विनंती सुरू झाल्याचा आणि संपल्याचा असे दोन आवाज असतात, ते दोन्ही चालू करा. ‘अलेक्सा’ म्हटल्यावर टुण् वाजलं की मगच पुढचं बोला. हे कोणी आपणहून सांगत नाही, कारण शिकवणाऱ्याला दिवा दिसत असतो. माईक बंद करायच्या बटणाला टिकली चिकटवा. साफसफाई करताना कोणाचा हात लागला, तर तिथे लाल दिवा लागतो, तो आपल्याला दिसत नाही आणि आपण उगाच हाका मारत बसतो.

मग आवाजावर चालवायच्या वस्तूंची नावं. ती तुम्हीच ठेवा आणि एकमेकांपासून लांबची ठेवा. ‘हॉल लाइट’, ‘हॉल नाइट’ असली जोडी नको. आयुष्यभर फोनवर पाटीलांना बाटील ऐकणारी माणसं पाहिलीत. यंत्र त्याहून हुशार नाही. माझ्याकडे ‘बल्ब’ आणि ‘पंखा’ आहे, संपलं. आंधळ्याला बल्ब कशाला, असं विचारतात. येणाऱ्याला लागतो. आणि तो गेल्यावर दिवा जळत राहिला तर मला कळणार कसं? म्हणून अ‍ॅपमध्ये रूटीन लावून रात्री ११ वाजता बल्ब बंद होईल असं केलंय. स्मार्ट बल्ब असेल तर भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावा. पाहुणे सवयीने तेच बंद करतात आणि मग बल्ब हुकूम ऐकत नाही.

साधी वस्तू आवाजावर चालवायला मध्ये स्मार्ट प्लग लावतात, तो घेताना अँपिअर विचारा. टेबलफॅनला ६ अँपिअरचा चालतो, गीझरला १६चा लागतो. इस्त्री मात्र मी आवाजावर कधीच ठेवणार नाही. जे तापतं, ते हाताशी असलेलं बरं.

स्वयंपाकघरात खरी चैन आहे. ‘अलेक्सा, दस मिनट का टाइमर लगाओ’ म्हणायचं आणि कणकेचे हात तसेच ठेवायचे. डाळ आणि भात एकदम असतील तर टायमरला नावं द्या. औषधाची आठवणही रोजच्या वेळेला लावून ठेवा. फक्त हातात कोणती स्ट्रिप आहे हे तिला दिसत नाही, त्यामुळे बीपीच्या गोळ्यांना रबरबँड हवाच. बोलण्याचा वेगही कमी-जास्त करता येतो. मी वाढवलाय, डोळस पाहुण्यांना ते झेपत नाही, त्याला माझा इलाज नाही.

वीज गेली की सगळं गप्प. राऊटर आणि स्पीकर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. आणि या स्पीकरवरून ११२ लागत नाही. त्यासाठी चार्ज केलेला साधा फोन उशाशी ठेवा, बटणांचा असला तर फारच उत्तम.