स्टेंट टाकायला कधी मिळेल विचारणाऱ्या ज्युनिअरांसाठी

नवीन आलेला प्रत्येक रेसिडेंट पहिल्याच आठवड्यात विचारतो, श्वासनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी नळी, कधी टाकायला मिळेल. अरे, आधी कान लावायला शिक. मी नागपुरात रेसिडेन्सी केली, गडचिरोली, बालाघाट, यवतमाळ कुठून कुठून पेशंट यायचे आणि पिशवीतून दम्याचे दोन-तीन पंप निघायचे, अन् सीटीत पाहावं तर श्वासनलिकेतच गाठ. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना, दोन्हीकडे पसरलेली. मानेवर स्टेथो ठेव, श्वास घेताना तिथं घरघर जास्त असेल तर वरची मोठी नळी अडली समज. अशा पेशंटला सीटीसाठी घाईघाईत सपाट झोपवू नको, बसून जमलेला श्वास झोपल्यावर जाऊ शकतो.

सीटीत अडथळा सगळेच बघतात, तू त्याच्या पलीकडे बघ. पुढची नळी उघडी आहे का, फुफ्फुस कामाचं उरलंय का? नसेल तर स्टेंट टाकून काय उपयोग. गाठ आत वाढलेली असेल तर आधी काढून, जाळून जागा करायची, बाहेरून दाबत असेल तर जाळायला आत काही नसतंच, तिथं स्टेंटच. आणि जाळताना ऑक्सिजन 40 टक्क्यांच्या खाली हवा, नळीत आग लागते, मस्करी नाही. सिलिकॉनचा डूमॉन स्टेंट रिजिड ब्रॉन्कोस्कोपनेच, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या ताठ धातूच्या दुर्बिणीनेच जातो, पूर्ण भूल देऊन. नायटिनॉल या धातूचा जाळीवाला फ्लेक्सिबल, म्हणजे वाकणाऱ्या दुर्बिणीनेही बसतो, म्हणून तो सोपा वाटतो, पण काढायची वेळ आली की घाम फुटतो.

आता माझी चूक सांगतो. एका काकांना स्टेंट बसला, त्या रात्री ते महिन्यानंतर पहिल्यांदा आडवे झोपले, आम्ही खूश. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, सलाईनचं नेब्युलायझेशन (मिठाच्या पाण्याची वाफ मशीनने ओढणं) दिवसातून तीनदा, झालं. पंधरा दिवसांनी काका परत, दम लागलेला, आम्हाला वाटलं गाठ वाढली. स्कोप टाकला तर स्टेंटमध्ये डिंकासारखा घट्ट कफ. काकू म्हणाल्या, "नुसतं मिठाचं पाणी तं होतं ना साहेब, दवाई थोडीच होती, म्हणून बंद केलं." त्यांचं काय चुकलं, आम्ही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी नातेवाइकांना बसवून सांगतो, श्वासनलिकेला आतून बारीक केस असतात, ते कफ झाडून वर आणतात, स्टेंटवर ते केस नाहीत, म्हणून कफ आपणच भिजवून पातळ ठेवायचा, हे पाणीच इथं औषध आहे. मग त्यांच्याकडूनच परत वदवून घेतो. खोकला अचानक बदलला, आवाज बसला, दम वाढला तर स्टेंट सरकला असेल, लगेच या.

आणि खिशात एक कार्ड देतो, स्टेंट कुठला, किती मापाचा, कुठे बसवलाय. तालुक्याच्या ठिकाणी रात्री कोणी घाईत घशातून श्वासाची नळी टाकायला गेला तर निदान त्याला कळेल आत काय आहे ते.