ड्रेन प्लगचा वायसर बदलला, गळती थांबली
ऑइल बदलून आणल्यापासून गाडीखाली रोज काळा ठिपका. गॅरेजवाल्यानं ड्रेन प्लगखाली, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टाखाली, जुनाच वायसर (धातूची चपटी चकती) परत बसवला होता. तक्रार केली तर म्हणे, "भाऊ, अजून आवळून देतो." नको म्हटलं. ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच दबतो, चेपून बारीक फटी भरतो. दुसऱ्यांदा दबायला त्यात काही उरत नाही. उगाच आवळलं तर चेंबरचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे जातात.

दारव्ह्याहून त्याच मापाचा नवा आणला. इंजिन निवू दिलं, चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जुना वायसर बोल्टालाच चिकटलेला, एका अंगाला खोल चरी पडलेली. कधी तो चेंबरला चिकटून राहतो अन् नवा त्याच्यावरच बसतो, म्हणून नखानं चाचपून पाहा. बसायची जागा कोरड्या कापडानं पुसली. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ, एक कण राहिला तरी पाझरतं. बोल्ट आधी हातानं फिरवला, शेवटी आखूड पान्यानं बेतानं आवळला. ऑइल नवंच होतं, स्वच्छ डब्यात धरलेलं परत ओतलं, डिपस्टिकनं ऑइलची पातळी पाहिली. गळती बंद.

तांब्याचा वायसर असेल अन् नवा मिळत नसेल, तर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग नको, वितळून जाईल.