प्रिंटरचं हेड चोक झालंय? आधी या चुका टाळा

इंकजेट प्रिंटरचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, चोक होतं शाई सुकल्यामुळे. ते कायमचं निकामी होतं ते मात्र बहुतेक वेळा दुरुस्तीच्या उत्साहात. सुकलेल्या शाईला विरघळायला काही तास लागतात, आणि नेमका तेवढा धीर कुणाकडे नसतो.

चोक झालंय हे परस्पर ठरवून टाकणं

प्रिंट फिकी आली की लोक थेट साफसफाईला लागतात. आधी प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेकचा कागद काढा (नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक भोकं, ती चालू आहेत का हे त्यावरच्या रेघा दाखवतात), तोही लागोपाठ दोनदा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. रेघा दोन्हींवर त्याच जागी तुटल्या असतील तर तिथे शाई सुकली आहे. तुटण्याची जागा बदलत असेल तर आत हवा आहे. हवेवर उपाय एकच: प्रिंटर बंद करून रात्रभर हात न लावणं. एखादा रंग अख्खाच गायब असेल तर आधी टाकीतली पातळी बघा. नवं कार्ट्रिज असेल तर हवेच्या छिद्रावरचं स्टिकर काढलंय का तेही तपासा. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत म्हणून लोक तो रंग तपासतच नाहीत. कागदावर निळं पारदर्शक प्लास्टिक धरा, पिवळ्या रेघा काळसर होऊन उठून दिसतात.

नोझल चेक पूर्ण येतोय, तरी छापताना ठरावीक अंतरावर आडवे पट्टे पडतात? मग हेडला दोष देऊ नका, अलाइनमेंट करा, म्हणजे सेटिंगमधून हेडची जागा जुळवून घ्या. आणि अक्षरं काळीभोर न येता राखाडी येत असतील तर सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बघा. काळी शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) आणि बाकीचे रंग डाय (पूर्ण विरघळलेला रंग) असलेल्या प्रिंटरमध्ये ‘फोटो पेपर’ निवडलं की काळी शाई बहुधा वापरलीच जात नाही, काळा रंग इतर रंग मिसळून तयार होतो. त्यापायी धडधाकट हेड उघडून बसणारे कमी नाहीत.

हेड क्लिनिंगचं बटण दाबत सुटणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. नमुनेदार केस अशी: दोन महिने बंद पडलेला प्रिंटर, रात्रीची वेळ, सकाळी कागद द्यायचेत. नोझल चेकमध्ये मॅजेंटाच्या (गुलाबी रंगाच्या) चार रेघा गायब. पहिल्या क्लिनिंगला दोन रेघा परत येतात, हुरूप वाढतो. दुसऱ्या वेळी काही फरक नाही. पाचव्या वेळी मॅजेंटा तिथेच आणि आता निळ्याच्या रेघाही तुटलेल्या. दहाव्या वेळी काळाही तुटायला लागतो, टाक्या निम्म्यावर येतात. आणि कधी कधी पडद्यावर संदेश झळकतो की वेस्ट इंक पॅड भरलं, सर्व्हिस करून घ्या. मग प्रिंटर छापायलाच नकार देतो.

असं का होतं ते समजून घ्या. हेड बाजूला जाऊन बसतं तिथे खाली रबरी कडा असलेली छोटी वाटी असते, कॅप. क्लिनिंगमध्ये पंप या कॅपमधून शाई ओढतो. ओढ सगळ्या नोझलना सारखीच लागते, पण शाई मोकळ्या नोझलमधूनच निघते. तुंबलेली भोकं तशीच राहतात आणि चांगले रंग वाया जातात. ही शाई तळाच्या पॅडमध्ये जमते, प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो आणि मर्यादा आली की थांबतो. त्यातच कॅपची कडा अस्वच्छ असेल तर पंप बाहेरची हवा ओढतो आणि कॅपमधली मिसळलेली शाई हेडच्या तोंडाला लागते. बरे असलेले रंग तुटायला लागतात ते यामुळे.

क्लिनिंग, नोझल चेक, क्लिनिंग, नोझल चेक. असं जास्तीत जास्त ३ वेळा. मग थांबायचं. एप्सनच्या बऱ्याच टँक मॉडेलांची पुस्तिका यानंतर किमान १२ तास काही न छापता थांबायला सांगते. कॅननची पुस्तिका डीप क्लिनिंगनंतर (जास्त जोराच्या क्लिनिंगनंतर) प्रिंटर बंद करून २४ तासांनी पुन्हा डीप क्लिनिंग करायला सांगते. ही वाट बघणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे, कारण तेवढ्यात मागची ओली शाई पुढच्या सुकलेल्या थराला भिजवते आणि बुडबुडे वर सरकतात. पॉवर क्लिनिंग, म्हणजे नळ्यांतली सगळी शाई ओढून काढणारं क्लिनिंग, हे शेवटचं हत्यार. टाक्या एक तृतीयांशापेक्षा खाली असताना ते चालवलंत तर नळ्यांत हवा भरेल.

तेवढ्याने जमलं नाही तर हेड भिजत घाला. प्रिंटर चालू करून हेड जागेवरून हललं की प्लग काढा आणि हेड हाताने हळूच बाजूला सरकवा. कॅपमधली जुनी शाई टिश्यूने टिपून घ्या, रबराची कडा ओल्या इअरबडने पुसा, शेजारच्या वायपरच्या पट्टीवरचे केस आणि शाईचा चिकटा काढा. मग ड्रॉपरने कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटर सोडा, कडेच्या जरा खालपर्यंत. १-२ मिलि पुरतं. हेड परत कॅपवर सरकवून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी एक क्लिनिंग, एक नोझल चेक. सुधारणा अर्धवट असली तरी तीच भिजवणी पुन्हा करा, जोर वाढवू नका. हे करताना हेडच्या मागून जाणाऱ्या पातळ पारदर्शक पट्टीला बोट लावू नका. तिच्यावरच्या बारीक रेघा वाचून हेड आपली जागा ओळखतं. शाईचा एक ठसा लागला की हेड धडका मारायला लागतं.

सिरिंजने जोर लावणं

व्हिडिओत बघून हा प्रयोग करणारे नेहमीच भेटतात. सिरिंजला नळी लावायची, हेडच्या शाईच्या तोंडावर बसवायची आणि अंगठ्याने दाबायचं. नोझलचं भोक केसापेक्षा बारीक. एप्सनच्या पिझो हेडमध्ये (विजेने किंचित वाकणारे भाग शाई ढकलतात असं हेड) शाईच्या कप्प्यांना अतिशय पातळ पडदा असतो. दाब वाढला की पडदा किंवा सांधा सुटतो, शेजारच्या रंगात रंग मिसळतो आणि पिवळा कायमचा हिरवट येऊ लागतो. त्यावर मग कुठलंही द्रावण चालत नाही.

दुसरा धोका ओलाव्याचा. हेडच्या वरच्या अंगाला चपटी केबल असते. नळी निसटली की पाणी तिच्या कनेक्टरमध्ये उतरतं आणि घाईने प्रिंटर चालू केला की शॉर्ट होतो. हेड जातंच, कधी मदरबोर्डही जातो. चोक झालेल्या एका रंगापायी अख्खा प्रिंटर घालवण्याची ही रीत.

करायचंच असेल तर दट्ट्या काढून टाका. रिकाम्या सिरिंजमध्ये ३-४ मिलि डिस्टिल्ड वॉटर किंवा त्या शाईसाठीचं क्लिनिंग सोल्युशन ओता, खाली टिश्यूची घडी ठेवा आणि द्रव स्वतःच्या वजनाने उतरू द्या. थेंब पडत नसेल तर चिडू नका, तासभर तसंच राहू द्या. केबल आणि कनेक्टर पूर्ण कोरडे झाल्याशिवाय वीज नको. २४ तास थांबलात तर उत्तम.

हेडच कार्ट्रिजमध्ये असेल तर

एचपी आणि कॅननच्या बऱ्याच साध्या कार्ट्रिजांना हेड खालीच जोडलेलं असतं. बशीत २-३ मिमी कोमट डिस्टिल्ड वॉटर घ्या, फक्त नोझलची बाजू मिनिट-दोन मिनिटं बुडवा, तांब्याचे संपर्क कोरडे ठेवा. मग घडी केलेल्या टिश्यूवर नोझल टेकवा. टेकवा, घासू नका. रंगीत कार्ट्रिजचे तीन वेगळे पट्टे उमटले की काम झालं. शाई संपलेली असताना छापत राहिलात तर आतले बारीक हीटर जळतात. मग भिजवून काही होणार नाही, नवं कार्ट्रिज आणा.

बाकीच्या, थोडक्यात

नळाचं पाणी: क्षार नोझलमध्ये बसतात. काच पुसायचं लिक्विड किंवा स्पिरिट: पिगमेंट शाई आतच गुठळू शकते. उकळतं पाणी: चिकटवलेले सांधे सुटतात. टाचणी: याबद्दल बोलायचंच नाही. पिगमेंटच्या टाकीत डाय शाई किंवा उलट: नळ्यांत साका होतो.

भिंतीवरच्या स्विचने प्रिंटर बंद करणं ही सगळ्यात निरुपद्रवी वाटणारी सवय. त्यात हेडला कॅपवर जायला वेळ मिळत नाही, ते उघडंच राहून सुकतं. प्रिंटरचंच बटण दाबा, खडखड थांबू द्या, मग स्विच. आणि आठवड्यातून एकदा चारही रंगांचे जाड पट्टे असलेला एक कागद छापा. नुसती काळी अक्षरं छापून बाकीचे तीन रंग ओले राहत नाहीत.