विंडोज ११ चढवल्यावर लॉगिन रांगतंय? फॉर्मॅट मारण्याआधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या पतसंस्था, वर्कशॉपं, कॉलेजची ऑफिसं यांनी मग एकदाचं ११ चढवलं. तेव्हापासून तक्रार एकच: "पासवर्ड टाकून चहा पिऊन आलो, तरी ते गोल फिरतंयच की हो." त्यावर कॉम्प्युटर बघायला आलेल्या पोराचं उत्तरही ठरलेलं: "फॉर्मॅट मारूया."

नका मारू. डोमेनवरचं मशीन, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरला विचारून आत घेणारं मशीन, लॉगिनला अडतं तेव्हा ते बहुतेक वेळा काम करतच नसतं, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. कुणाच्या, एवढंच शोधायचं असतं.

घड्याळ न लावता इलाज सुरू करणं

मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती सेकंद, आणि डेस्कटॉप दिसल्यापासून माऊस नीट हलेपर्यंत किती, हे दोन आकडे वेगळे लिहा. दुसरा मोठा असेल तर रोग हार्डडिस्कचा किंवा स्टार्टअपमधल्या ॲपांचा आहे. एसएसडी घाला, पुढचं वाचू नका. अपग्रेडनंतरचं पहिलं लॉगिन मोजू नका. त्या वेळी विंडोज प्रत्येक युजरसाठी आपली ॲपं नव्याने मांडतं, वेळ लागणारच.

पहिला आकडा मोठा असेल तर नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि त्याच मशीनवर आधी लॉगिन झालेल्या युजरने पुन्हा लॉगिन करा. विंडोज जुन्या युजरांची ओळख स्वतःकडे जपून ठेवतं, त्यामुळे सर्व्हर नसला तरी आत घेतं. केबलविना झटक्यात उघडलं तर मशीन निर्दोष आहे, खोट तारेच्या पलीकडे. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा सोडून लोक दोन-दोन दिवस इन्स्टॉल करत बसतात.

आकडे पक्के हवे असतील तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ग्रुप पॉलिसीचा (सर्व्हर मशीनांना लावतो त्या नियमांचा) ऑपरेशनल लॉग उघडा. ५३२६ नंबरची नोंद डोमेन कंट्रोलर, म्हणजे पासवर्ड तपासणारा सर्व्हर, सापडायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते, ८००१ ची नोंद युजरच्या पॉलिसीला एकूण किती सेकंद गेले ते.

डीएनएसमध्ये ८.८.८.८ ठोकणं

डीएनएस म्हणजे नाव विचारलं की त्याचा नेटवर्कवरचा पत्ता सांगणारा, आणि ८.८.८.८ हा गूगलचा, ऑफिसच्या बाहेरचा डीएनएस. या चुकीने जितका वेळ खाल्लाय तितका व्हायरसनेही खाल्ला नसेल.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपातला प्रकार घ्या. चौदा मशीनं, एक सर्व्हर, सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१०. अपग्रेडनंतर पाच मशीनं लॉगिनला तीन-तीन मिनिटं घेऊ लागली. पोराने तीन फॉर्मॅट केली, टॅली पुन्हा घातलं, प्रिंटर पुन्हा जोडले. लॉगिन तस्संच. कारण फॉर्मॅट झाल्यावर प्रत्येक मशीनला डीएनएस म्हणून ८.८.८.८ त्यानेच भरलं होतं, "नेट फास्ट चालतं" म्हणून. सर्व्हरचा पत्ता दुसऱ्या ओळीत होता.

दुसऱ्या ओळीतला पत्ता इथे कामाला येत नाही. पहिला डीएनएस गप्प राहिला तरच विंडोज दुसऱ्याकडे जातं. तुमच्या ऑफिसच्या आतल्या डोमेनचं नाव बाहेरच्या डीएनएसला विचारलं की तो गप्प राहत नाही, "असं नाव नाही" म्हणून सांगतो. ते उत्तर धरलं जातं, विषय संपतो. मशीन मग इकडेतिकडे डोमेन कंट्रोलर हुडकत बसतं आणि शेवटी जपलेल्या ओळखीवर आत घेतं. लॉगिन होतं, म्हणून नेटवर्कवर कुणाचा संशय जात नाही.

अपग्रेडनंतरच हे का उपटतं? नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलला की विंडोज कधीकधी ते नवीन कार्ड समजतं. हाताने भरलेला पत्ता जातो आणि राउटर देईल तो डीएनएस बसतो.

इलाज: मशीनच्या डीएनएसमध्ये फक्त सर्व्हरचा पत्ता भरा, दुसरी ओळ रिकामी ठेवा. दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तरच ती भरा. इंटरनेटसाठीचा बाहेरचा डीएनएस सर्व्हरवर फॉरवर्डर म्हणून टाका, म्हणजे सर्व्हरला न आलेलं नाव तो पुढे विचारेल. राउटरचा डीएचसीपी (मशीनांना पत्ते वाटणारी सोय) बंद करून सर्व्हरचा चालू करा. वर्कशॉपातलं एक मशीन एवढं करूनही रांगतच होतं. फायबरचा राउटर आयपीव्ही६ (नेटवर्क पत्त्यांची नवी पद्धत) वरून स्वतःचा डीएनएस वाटत होता. तो राउटरमध्ये बंद करायचा. मशीनवरचं आयपीव्ही६ उपटून टाकणं हा आळशी शॉर्टकट आहे.

घड्याळ बरोबर दिसतंय म्हणून सोडून देणं

डोमेनवर ओळख तपासणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीला मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, जास्त नाही. टाइमझोन चुकीचा राहिला आणि कुणी हाताने काटे जुळवले, तर पडद्यावर बेळगावची वेळ दिसते, पण आतली वेळ तासांनी हुकलेली असते. आधी झोन +५:३० करा, मग वेळ. रोज सकाळी घड्याळ मागे गेलेलं असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

जुनी नेटवर्क ड्राइव्ह तशीच ठेवणं

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नेटवर्कवरचं शेअर फोल्डर जोडताना समोरच्या मशीनकडून डिजिटल सही मागते, आणि प्रो आवृत्तीत बिनपासवर्डाचा गेस्ट चालत नाही. कपाटावर धूळ खात पडलेला जुना स्टोरेज बॉक्स दोन्हीला नापास. लॉगिन स्क्रिप्ट त्याचं दार वाजवत बसते. जोडणी काढा, बॉक्सचं फर्मवेअर बदला, पासवर्ड लावा. एसएमबी१ (फोल्डर शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) परत चालू करायला सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

बाकीच्या

दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत हात घालू नका.

सर्व्हर लिनक्स असेल आणि अपग्रेडनंतर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून केलेलं लॉगिन) बरोबर २५ सेकंद थांबत असेल, तर तो डी-बसचा, म्हणजे लिनक्सच्या आतल्या निरोप्याचा, टाइमआउट आहे. लॉगिन सांभाळणारी सिस्टमडी-लॉगिनडी ही सेवा रीस्टार्ट करून बघा.

आणि आपल्या भागातलं खास: एकाच मशीनवर इंग्रजी, कन्नड, मराठी असे तीन कीबोर्ड. अपग्रेडनंतर लॉगिनच्या पडद्यावर भलताच पुढे येतो, पासवर्डाचे नुसते ठिपके दिसतात, चारदा चुकतो, खातं लॉक होतं आणि "लॉगिन स्लो आहे" म्हणून फोन येतो. तिथेच विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी घ्या. मग कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर जाऊन कॉपी सेटिंग्जमधून वेलकम स्क्रीनवर टिक करा. त्याआधी स्वतःच्या खात्यात इंग्रजी पहिलं ठेवलंय ना बघा, नाहीतर कन्नडच कॉपी होईल.